कोरे हात

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. तागड सर आधी हातांकडे बघायचे. तोंडाची पाळी मागाहून. आमच्या शाळेत रुजू झाल्यावर पहिले काही दिवस हेडमास्तरांचं नावही त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं. 'ते चुन्याच्या बोटाचे साहेब' म्हणायचे, कारण हेडमास्तरांच्या बोटाला तंबाखूचा चुना कायम लागलेला असे. आणि गंमत म्हणजे हेडमास्तर हे ऐकून हसायचे. तागड सरांवर कुणाला राग धरताच येत नसे. मला मात्र तो व्यवस्थित धरता आला आणि मी तो पुष्कळ वर्षं सांभाळला.

मी देशमुख. कड्याहून आष्टीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो. औरंगाबादला राहून इंग्रजीत बी.ए. झालेला गावातला मी पहिला माणूस, आणि ही गोष्ट गावानं विसरू नये याची मी काळजी घेत असे. नवे शिक्षक आले म्हणून मी व्हरांड्यात पुढे झालो, 'वेलकम' म्हणालो आणि हात पुढे केला. त्यांनी तो हलवला नाही. बाजारात वांगं बघतात तसा उलटासुलटा करून बघितला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, हे तर अजून कोरेच हायत की."

शिपाई फिस्सकन हसला. कोरे म्हणजे घडी न मोडलेलं धोतर असतं ना, तसे. मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. आमच्या घरी जमीन होती, सालगडी होते. वडिलांनी मला कधी औताला हात लावू दिला नव्हता आणि त्या दिवसापर्यंत मला त्याचा अभिमानच वाटत आला होता. तागड सर वडवणीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. लहानपणी अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष मेंढरांमागे, असं त्यांचं शिक्षण झालेलं. हात रुंद, बोटं जाड, उजव्या तळव्यात कुऱ्हाडीच्या दांड्यानं पडलेला घट्टा. वय माझ्याएवढंच. उंची माझ्यापेक्षा जास्त. हेही मला आवडलं नाही.

ते आले होते भूगोल शिकवायला. पण त्याच वर्षी दहावीच्या दोन तुकड्या झाल्या आणि इंग्रजीला दुसरा माणूस मिळेना, तेव्हा हेडमास्तरांनी 'ब' तुकडीचं इंग्रजी त्यांच्या गळ्यात मारलं. मी मनातल्या मनात हसलो. 'हॅण्ड' या शब्दाचा उच्चार ते 'ह्यांड' असा करत. म्हटलं, चला, आता गावाला कळेल इंग्रजी कुणाला येतं ते.

दोन्ही तुकड्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत होती. पहिल्याच दिवशी पलीकडून त्यांचा आवाज आला, "पुस्तक मिटा. हात दाखवा." मग बराच वेळ नुसतं त्यांचं बोलणं आणि पोरांचं हसणं. "तू सकाळी घास कापून आलास. तू बी. अन् तू रे? ह्ये शाईचं बोट हाय का जांभळाचं?" मग फळ्यावर खडूचा आवाज, आणि ह्यांड. दुसऱ्या दिवशीही ह्यांड. आठवडा उलटला तरी ह्यांड. पोर्शन कसा पूर्ण होणार याची मला काळजी लागली, म्हणजे खरं तर आशा लागली. इकडे माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे तोंड करून बसलेली, पण कान सगळे पत्र्याकडे.

काय सांगायचे ते? "घड्याळाला आपल्याकडं काटे असतेत, इंग्रजाकडं हात. आपला टाइम टोचतो, त्याचा धरून नेतो." घोड्याची उंची इंग्रज हातांत मोजतो, पण त्याचा हात म्हणजे नुसता पंजा आडवा धरला तर होते तेवढी रुंदी, आपला हात मात्र कोपरापासून. केळीची फणी म्हणजे त्याचा हात आणि एकेक केळ म्हणजे बोट. अक्षर म्हणजे हात, पत्त्यांत वाट्याला आलेली पानं म्हणजे हात, बाजू म्हणजे हात, मदत म्हणजे हात, टाळ्या वाजवणं म्हणजेसुद्धा हात. "इंग्रज गरीब झाला की त्याचा हात फकस्त तोंडापर्यंत जातो," ते म्हणायचे, "आपलं त्याच्या म्होरं हाय. आपल्याकडं पोटच हातावर असतंय."

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. वेगवेगळ्या धड्यांत मीही हे अर्थ सांगितले होतेच. पण मी अर्थ सांगायचो आणि पोरं ते लिहून घ्यायची. त्यांच्या वर्गातली पोरं ते अर्थ घरी घेऊन जायची. एकदा माझी बायको शालन पाणी भरून आली आणि घागर उतरवायच्या आधीच म्हणाली, "अवो, हँडसम म्हंजी पयल्यांदा काय व्हतं ठावं हाय का? हाताला सोपं, कामाला येनारं. तागड सरांनी सांगितलं म्हनं पोरांना." मी म्हणालो, "माहीत आहे मला." तर म्हणते, "म्हंजी तुमी कवाच हँडसम नव्हता तर."

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण भाजी मागून घेतली नाही.

मग 'हस्त'चं प्रकरण झालं. 'हॅण्ड' हा शब्द आपल्या संस्कृत 'हस्त'वरूनच निघाला, असं मी नोकरीला लागल्यापासून पोरांना सांगत आलो होतो. ऐकताना पोरांच्या छात्या फुगायच्या, माझीही फुगायची. एक दिवस माझ्या वर्गातला एक पोरगा उभा राहिला. "सर, तागड सर म्हनले, तसं न्हाई." मी मधल्या सुट्टीत त्यांना गाठलं. ते लिंबाखाली बसून मुलांबरोबर डबा खात होते.

"सर, आमच्यात मेंढराचा कान बघतेत," ते घास गिळून म्हणाले. "दोन मेंढरं दिसायला एकावानी एक. पर कानाला चीर कशी दिली हाय त्यावरून कळतंय कुनाच्या कळपातलं. ह्यांड आन् हस्त दिसायला भाऊ हायत, पर कान येगळा. ह्यांड जर्मनाकडं हाय, डचाकडं हाय. त्याच्या मागं कुठून आला, इंग्रजाला बी नक्की ठावं न्हाई. कुनी म्हनतेत, धरनं-पकडनं अशा जुन्या शब्दातून आला आसंल. नगरच्या कालिजात मोठा कोश हाय, त्यात बघितलं मी."

दुसऱ्याच दिवशी किरकोळ रजा टाकून मी कुणाला न सांगता एस.टी.नं नगरला गेलो. वाटेत देवाला एवढंच मागितलं की हा माणूस चुकलेला असू दे. तो कोश खरंच मोठा होता. आणि माणूस चुकलेला नव्हता.

इथं कांताबद्दल सांगायला हवं. कांता सांगळे नववीला माझ्या वर्गात होती. तिचे आईवडील, भानुदास आणि रखमाबाई, दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ही आजीपाशी राहून शिकायची. इंग्रजीत तिच्यासारखी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. दहावीला ती माझ्या हाताखाली बोर्डात येणार, पेपरात नाव येणार, खाली माझंही नाव येणार, इथपर्यंत मी मनात मांडून ठेवलं होतं. तुकड्या पडल्या आणि ती 'ब'मध्ये गेली. वर्षभर मी मशागत करायची आणि पीक दुसऱ्यानं काढायचं, अशी माझी भावना झाली.

ते वर्ष दुष्काळाचं. शाळेमागच्या माळावर आमच्या गावच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. माझे चुलते सोसायटीचे चेअरमन होते, त्यामुळे छावणीच्या मांडवाखाली मला खुर्ची मिळायची. निम्मी पोरं सकाळी जनावरांना वैरण घालून तिथूनच शाळेत येत. तागड सरांनी एक दिवस वर्गच छावणीत नेला. मी खुर्चीत होतो, मध्ये फक्त वैरणीला आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा ढीग होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

ते सांगत होते की इंग्रज जनावरं मोजतो तेव्हा डोकी मोजतो, आणि कामाला लावलेली माणसं मोजतो तेव्हा हात मोजतो. शेतावर इतके हात, जहाजावर तितके हात.

कांता उभी राहिली. "सर, मंग मानसाला डोकं न्हाई का?"

तागड सर जरा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "हाय की. पर मोजनाराला ते लागत न्हाई."

"आपल्याकडं तर हात बी मोजत न्हाईत," कांता म्हणाली. "कोयता मोजतेत. माजे आई-बाप मिळून एक कोयता."

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट सारते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. माहीत सगळ्यांना, पण इंग्रजीच्या तासाला ते बोलावं असं मला किंवा माझ्या विद्यार्थ्यांना कधी वाटलं नव्हतं. तागड सर तिला म्हणाले, "बस. आज तू मला शिकिवलंस." मी वाढ्यांच्या ढिगाआड बसून होतो. वर्षभर शिकवलं मी तिला, आणि असा प्रश्न तिनं मला एकदाही विचारला नव्हता. मला इतका हेवा वाटला की चुलत्यांनी दिलेला चहा तसाच गार झाला.

दिवाळी तोंडावर आली आणि टोळ्या निघायची वेळ झाली. विहिरींचा तळ लागला होता. बाया आत उतरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. रखमाबाईचा पाय पायरीवरून सरकला आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या लावून बांधलं आणि सांगितलं, दिवाळी सरून पंधरा दिवस जातील तेव्हा जुळेल. तोवर भानुदास अर्धा कोयता. टोळी तर थांबणार नाही. मग दुसरा अर्धा कोण? घरात तेवढी उंच एक कांताच होती.

ती शाळेत यायची बंद झाली. एकदा गेलेली पोरगी मध्येच परत येत नाही, हेही आमच्याकडे सगळ्यांना माहीत. परीक्षा फाल्गुनात, टोळी परतायची चैत्रात.

मला वाटलं, हीच वेळ आहे. तागड सरांना शब्द येत असतील, पण गावात वजन आमच्या घराचं. मी इस्त्रीचे कपडे घालून भानुदासच्या दारात गेलो.

"भानुदास, तू जाऊच नको," मी म्हणालो. "मी काकांशी बोललोय. सोसायटीच्या दूध संकलनावर तुला वॉचमन म्हणून लावून घेतो. पोरगी शिकू दे."

भानुदासनं मला बाजेवर बसवलं, स्वतः खाली बसला. "सर, तुमचे लई उपकार. पर गावात दूधच न्हाई. मी राखू काय?"

मी सदऱ्याची इस्त्री सारखी केली.

"आन् मुकादमाला शबुद दिलाय. समद्या टोळीची भांडीकुंडी बांधून झाली. माझ्यापायी लोक कावून थांबतील?" रखमाबाई आतून म्हणाली, "पोरीचं मलाच लई वाईट वाटतंय ओ सर. ह्या मेल्या हातानं दावा साधला." कांता चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पण माझ्याकडून काही होईल असं त्या बघण्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत हे सगळं सांगितलं, जरा मीठमसाला लावूनच. आपण किती प्रयत्न केला हे लोकांना कळायला हवं. तागड सरांनी एवढंच विचारलं, "हात कवा जुळतोय म्हनले बाईचा?" मी सांगितलं. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं की दिवाळीच्या सुट्टीला जोडून बिनपगारी रजा मिळते का, आणि सायकल काढून मुकादमाकडे गेले.

तिथं काय झालं ते मुकादमच पुढे कित्येक वर्षं पारावर सांगायचा. "मी म्हनलं, मास्तर, खुळे का तुमी? भानुदास तोडंल, पर दुसरं काम बाईचं हाय. मोळी बांधायची, डोक्यावर वाहायची, पहाटं उठून भाकरी थापायच्या. तर म्हनतोय, थापीन की. मेंढरामागं मला कोन थापून देत व्हतं?"

टोळीचा ट्रक शाळेपुढूनच निघाला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. "भानुदासची नवी बायकू बघा गं!" कुणी ओरडलं, "मास्तर, नाव घ्या की!" मी शरमेनं अर्धा झालो, आमच्या पेशाचं काय होणार म्हणून. तागड सर ट्रकच्या फाळक्यावर पाय सोडून बसले होते आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत होते. "हसा बे हसा," म्हणाले, "आधी मला वर तर घ्या नीट." टोळीतल्या गड्यांना ते बे म्हणायचे, हेडमास्तरांनासुद्धा एकदा चुकून म्हणाले होते. मला मात्र कायम 'सर' आणि 'तुमी'. मला त्या गड्यांचाही हेवा वाटायचा.

कांता तेवढी हसत नव्हती. दप्तर छातीशी धरून ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत होती. कुणीतरी आपल्याकडे आयुष्यात एकदा तरी तसं बघावं, असं ते बघणं होतं.

घरी आल्यावर मी शालनला म्हणालो, "हे मलाही सुचलं असतं."

"सुचलं असतं हो," ती म्हणाली. "पर तुमाला मोळी उचलली असती का?"

दिवाळीत ती मला म्हणाली, नगरला बहिणीकडे जाताच आहात तर तसेच पुढे जा, सरांना फराळ द्या. खरं सांगतो, मी फराळासाठी गेलो नाही. तो माणूस थकलेला, वैतागलेला, आपण उगाच हा उद्योग केला म्हणणारा असा मला बघायचा होता.

तोडणीचा उसाचा फड लांबूनच दिसला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि खाली तागड सर, फळीवरून ट्रकवर चढताना. हातांवर, गालांवर उसाच्या पात्यांनी काढलेल्या रेघाच रेघा. मोळी टाकून ते खाली आले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. फोड फुटून कातडी निघाली होती. "बघा सर. मास्तरकीनं मऊ पडले व्हते. आता परत वळणावर आलेत." आवाजात वैताग कुठं नव्हता. टोळीतली माणसं एकमेकांना 'ए ह्यांड' म्हणून हाका मारत होती. एका म्हातारीनं मला विचारलं, "तुमी बी इंग्रजीचेच का?" मी हो म्हणालो, तर म्हणाली, "मंग तुमी कावून न्हाई आलात?"

मी भानुदासच्या हातातला कोयता घेतला आणि एका उसावर घातला. ऊस तुटला. भानुदासनं कोयता परत घेतला आणि वाकून मी ठेवलेलं खोड जमिनीलगत पुन्हा तोडलं. "बुडखा ठिवू नये सर. गोडी तिथंच असती."

दुपारी तागड सरांनी थापलेली भाकरी खाल्ली. कडा न फाटलेली, गोल, शालनपेक्षा चांगली. हे मी शालनला सांगितलेलं नाही. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "कांता येती ना तुमच्याकडं?" सुट्टीत ती रोज माझ्याकडे इंग्रजीला येत होती, आणि ती माझी आठवण ठेवून आपणहून येते असं मी धरून चाललो होतो. "मी सांगितलं व्हतं तिला," ते म्हणाले, "व्याकरन देशमुख सरांच्या हाताचं घे. आपल्याला त्यातलं लई कळत न्हाई." मला आधी बरं वाटलं. एस.टी.त बसल्यावर मात्र लक्षात आलं की माझं कौतुकसुद्धा त्यांनीच वाटून दिलं होतं.

रखमाबाईचा हात जुळला, जरा वाकडाच जुळला. ती फडावर गेली आणि सर परत आले. कांता दहावी झाली, पुढे शिकली, आज आष्टीकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. ती वर्गात शिरली की आधी म्हणते, "हात दाखवा." व्याकरण माझं आहे. पण ते कुणाला दिसत नाही.

मग तागड सर आणि मी एकाच शाळेत म्हातारे झालो. निवृत्तीनंतर ते वडवणीकडे आपल्या गावी गेले. मी गावातच राहिलो आणि एक दिवस कुदळ घेऊन शेतात गेलो. सालगडी आता कुणाकडे राहिले नव्हते, हे एक कारण. ते मी लोकांना सांगायचो. खरं कारण हे की मला हातांवर घट्टे हवे होते. बांध घातले, लिंबाची झाडं लावली, त्यांना आळी केली. रात्री तळवे ठणकायचे. शालन तेल लावून द्यायची आणि म्हणायची, "ह्या वयात कुनाला दाखवायचं हाय एवढं?" कुणाला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

घट्टे चांगले पडले. आता एकदा वडवणीला जाऊन यायचं, असं मी ठरवतच होतो, तेवढ्यात निरोप आला की तागड सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली.

मी गेलो तो बाजाराचा दिवस होता. ते बाजेवर होते, तोंड जरासं वाकडं, उजवा हात चादरीवर नुसता ठेवून दिलेला. कांता माझ्या आधीच आली होती आणि त्यांना पेज भरवत होती. साहजिकच. मला बघून ते डोळ्यांनी हसले. डावा हात उचलला, माझा उजवा हात ओढून घेतला आणि उलटा करून बघितला. अंगठा तळव्यावरून सावकाश फिरला, घट्ट्यावर थांबला. या क्षणाची मी किती वाट बघितली होती ते माझं मलाच माहीत.

"कोरे न्हाईत आता," ते म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते. मग त्यांनी विचारलं, "कुनाचं काम केलं, सर?"

"माझंच," मी म्हणालो. "शेतात. बांध घातले."

"बरं केलं," ते म्हणाले आणि मान हलवली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी बोललो असतो, आम्ही दोघं हसलो असतो आणि विषय मिटला असता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझा हात त्यांनी सोडला नाही. धरलेलाच ठेवून ते झोपी गेले. कांता म्हणाली, "सर, तुमाला घडीभर बसावं लागंल आता." मी बसलो. एवढा वेळ त्यांनी माझा हात धरला, हे कांतानं पाहिलं, याचं मला त्याही वेळी बरं वाटलं.

उन्हाळा लागला आणि ते गेले. शाळेत सभा झाली, मुकादमाचा मुलगा बोलला, कांता बोलली, शालन रडली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी शेवटच्या बाकावर बसून केला.

यंदा पुन्हा पाऊस कमी. रब्बीची ज्वारी कशीबशी उभी राहिली, पण ती काढायला गावात माणूस नाही. हात चालणारे सगळे कारखान्याला गेलेले. भानुदासची कंबर धरलेली, रखमाबाईचं ते मनगट थंडीत धरतं. मी सकाळी फिरायला म्हणून त्यांच्या बांधावरून चाललो होतो. दोघं एकेक ओळ धरून पातीला लागलेली दिसली. मी चप्पल बांधावर काढली आणि त्यांच्या शेजारची पात धरली. ज्वारी मुळासकट उपटायची असते. जुने घट्टे तिथं कामाला येत नाहीत, फोड नव्या जागी येतात. भानुदास म्हणाला, "सर, ऱ्हाऊ द्या, तुमाला न्हाई जमायचं." मी म्हणालो, "बुडखा राहत नाही ना? मग गप." संध्याकाळपर्यंत शेत निघालं.

रखमाबाईनं हातांवर पाणी घातलं. मी तळवे बघितले. बोटांच्या मुळाशी फोड आले होते, एक फुटलाही होता. वडवणीला जाणारी सकाळची गाडी किती वाजता असते, हे मी भानुदासला विचारलंसुद्धा. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आता दाखवण्यासारखे झालेत, तर तूच जागेवर नाहीस. ही कुठली रीत बे, तागड?